कोरोनानंतर पाळी बिघडली, एएमएच कमी आलाय, लशीमुळे अंडाशय खराब झालं का?

तुमचा प्रश्न वाचला. कोरोनानंतर पाळी मागेपुढे होतेय, एएमएच (अंडाशयात अंडी किती शिल्लक असतील याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कमी आलाय हे वाचलं. पण "घरचे म्हणतात लशीनेच झालं" हे वाचलं आणि लिहायलाच बसले.

आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. एप्रिल २०२१ मध्ये, झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली त्याच आठवड्यात मी पॉझिटिव्ह आले. रक्तातला ऑक्सिजन ९१ टक्के. ओळखीपाळखीने बेड मिळाला, नऊ दिवस, स्टिरॉइड. घरी आले तेव्हा सहा किलो उतरले होते.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय असतं. दुधाचा खाडा निळ्या पेनाने, माझी पाळी लाल टिंबाने. त्या एप्रिलच्या शेवटी सलग खाडे आहेत, घरात दूध घ्यायलाच कोणी नव्हतं. मे, जून, जुलै या तिन्ही पानांवर लाल टिंब नाही. ऑगस्टच्या १९ तारखेला एक पुसट टिंब. आणि २७ च्या चौकटीत माझ्याच अक्षरात "पहिला डोस".

तरी माझ्या नणंदबाई प्रत्येक लग्नाकार्यात सांगतात, लस घेतली आणि हिची पाळी गेली. अहो, मी तेव्हा ३३ ची. एप्रिलमध्ये आमच्यासारख्यांना ४५ च्या आत लस मिळतच नव्हती, १८ च्या पुढच्यांना ती १ मेपासून खुली झाली. पाळी गेली आधी, लस आली नंतर.

सप्टेंबरात एका आयव्हीएफ सेंटरला गेलो. एएमएच १.१. तिथल्या बाईंनी आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाल्या, कोविडने साठा संपवलाय, याच महिन्यात सुरू करा. मिस्टर एफडी मोडायला निघाले होते. आईने हट्टाने पंचवटीतल्या तिच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, माझ्या गळ्याला हात लावून बघितला आणि विचारलं, टीएसएच केलाय? टीएसएच म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. तो १४ निघाला, म्हणजे बराच जास्त. रोज सकाळी अनशापोटी थायरॉइडची गोळी, चार महिन्यांत पाळी रुळावर. मुलगी २०२३ ची आहे, त्याच १.१ वर.

म्हणून स्पष्ट सांगते, एएमएचवरून अंडी किती शिल्लक असतील याचा अंदाज येतो, दिवस राहतील की नाही हे त्यावरून ठरत नाही. कोरोनाचा विषाणू ज्यांना धरून पेशीत शिरतो ते एसीई२ रिसेप्टर अंडाशयातही असतात, त्यामुळे शंका घेणं चूक नाही. वुहानमधल्या एका अभ्यासात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्ण बायकांच्या रक्तस्रावात फरक पडला होता, पण हार्मोन आणि एएमएच निरोगी बायकांसारखेच होते, आणि बहुतेकींची पाळी एक-दोन महिन्यांत पूर्ववत झाली. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात मात्र एएमएच कमी सापडलं. दोन्ही अभ्यास लहान. ताप, ताण, स्टिरॉइड, उतरलेलं वजन, यातल्या कशानेही पाळी लांबते.

लशीने काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या जवळपास ४ हजार बायकांच्या नोंदींत डोसनंतर चक्र सरासरी एका दिवसापेक्षा कमी लांबलं, मग पुन्हा जागेवर आलं. तीन महिने पाळी जाणं ही वेगळी गोष्ट आहे.

तुम्ही वय लिहिलेलं नाही. पस्तिशी ओलांडली असेल आणि सहा महिने प्रयत्न करून झाले असतील, तर माझ्या गोष्टीवर विसंबून थांबू नका. तीन महिने पाळीच नसेल किंवा अतिरक्तस्राव होत असेल तरी लगेच दाखवा. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं एक हार्मोन) या रक्ततपासण्या आधी करून घ्या. मी डॉक्टर नाही, आणि माझं थायरॉइड कोविडनेच बिघडलं का हे मलाही कोणी छातीठोक सांगितलेलं नाही.

आणि घरच्यांना तारखा दाखवा. आजार कधी, डोस कधी, पाळी कधी, एका कागदावर ओळीने लिहा. माझं २०२१ चं कालनिर्णय अजून कपाटात आहे. दिवाळीला नणंदबाई आल्या की एप्रिल ते ऑगस्टची पानं त्यांच्यासमोर ठेवणार आहे.