दुबईत नव्याने येणाऱ्यास

आपण ऑगस्टमध्ये येत आहात, म्हणून आधी पाण्याविषयी सांगतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की थंड पाण्याच्या नळालाही चटका देणारे पाणी येते. अशा वेळी गीझर बंद ठेवावा आणि त्यात घरातल्या गारव्याने निवलेले पाणी गरम पाण्याच्या नळातून घ्यावे. मला ही युक्ती कळेपर्यंत पहिला उन्हाळा सरला होता.

घर भाड्याने घेताना वर्षाचे भाडे बहुधा पुढील तारखांच्या धनादेशांनी आगाऊ द्यावे लागते, तेव्हा किती धनादेश हे आधीच ठरवून घ्यावे आणि करारनाम्याची 'इजारी' नावाची सरकारी नोंदणी झाल्याखेरीज निश्चिंत होऊ नये. पहिल्या घरी दलालाच्या शब्दावर विसंबून मी हे टाळले आणि वीजजोडणीसाठी आठवडाभर ताटकळलो.

मन रमण्याची गोष्ट मात्र कागदपत्रांनी होत नाही. संध्याकाळी खाडीच्या एका काठावरच्या बर दुबईहून पलीकडच्या देराला जाणाऱ्या अब्रा नावेत एक दिरहम देऊन बसावे. डिझेलचा वास, खाडीचा खारा वारा आणि शेजारी मल्याळी, पठाण, बंगाली यांची सरमिसळ बोली. मूळचा रत्नागिरीचा असल्याने मला गावाकडच्या तरीचीच, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीचीच, आठवण येते. घरी फोन करताना भारत दीड तास पुढे असतो हे ध्यानात ठेवावे, नाहीतर आई जागत बसते.