टाकीत समुद्रफूल आणावं का?

प्रश्न : मालवणला घरी 60 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, दोन महिने झाले. दोन क्लाउनफिश छान रुळलेत. त्यांच्यासाठी समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, आणावं का? ओहोटीला खडकांत दिसतं, तेच उचललं तर?

उत्तर : आत्ता नको. क्लाउनफिशचं त्यावाचून काही अडत नाही. समुद्रफुलाला मात्र मुरलेली टाकी लागते : किमान सहा महिने, खरं तर वर्षभर चाललेली, आणि 150-200 लिटरची. लहान टाकीतलं पाणी मे महिन्यात भराभर उडतं, खारटपणा चढतो. भर आरओच्या गोड्या पाण्याचीच घालायची. पाण्याची सापेक्ष घनता (खारटपणाचं माप) 1.025च्या आसपास, तापमान 24 ते 27 अंश, अमोनिया शून्य. आपल्या उन्हाळ्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, हे जमणं कठीण.

सगळ्यात मोठा घात पंपाचा. जागा पसंत पडली नाही की समुद्रफूल बूड सोडवून सरकत निघतं आणि पॉवरहेडमध्ये, म्हणजे टाकीतलं पाणी खेळवणाऱ्या पंपात, ओढलं जातं. त्याच्या चिंधड्या रात्रीत सगळी टाकी नासवतात, मासेही दगावतात. म्हणून पंपाच्या तोंडावर आधी स्पंज बसवा.

खडकावरचं खरवडून आणूच नका. बूड फाटलं की ते सहसा जगत नाही. शिवाय आपल्या खडकांवर दिसणाऱ्या बहुतेक जातींत क्लाउनफिश राहत नाहीत.

पुढे विकत घ्याल तेव्हा तोंड मिटलेलं आणि बूड घट्ट चिकटलेलं पाहा. पांढरंफटक असेल तर सोडा. त्याच्या अंगातलं शेवाळ गेलेलं असतं, म्हणजे उजेडावर मिळणारं अन्नही गेलं.