नोकरी सोडून फक्त तबल्याच्या साथीवर पुण्यात घर चालेल का?

फक्त साथीच्या बिदागीवर चालणार नाही; साथ आणि शिकवण्या मिळून चालतं, आणि त्यातही भाडं-किराणा बहुधा शिकवण्यांवरच निघतो. मी स्वतः हार्मोनियमची साथ करतो आणि क्लास घेतो, त्यावरून सांगतो. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट आणि मग डिसेंबर-जानेवारीतले महोत्सव या काळात एकाच दिवसाला दोन-दोन कार्यक्रम येतात. पितृपक्षात फोन वाजत नाही. आषाढीच्या आसपास अभंगांचे कार्यक्रम असतात, पण अनेकदा तिथे मानधनाऐवजी शाल-श्रीफळच हातात पडतं. बिदागी आधी ठरवा, प्रवासखर्च वेगळा बोला आणि पैसे त्याच रात्री घ्या. 'नंतर पाठवतो' म्हणणारे आयोजक माणसं म्हणून चांगलेही असतात, पण पैसे नंतरच येतात. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गंधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा झालेली असेल तर पालक विश्वासाने मुलं पाठवतात. प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून विशारदपर्यंत सात परीक्षा आहेत, म्हणजे विद्यार्थी टिकला तर वर्षानुवर्षं टिकतो. आकाशवाणीची ऑडिशन जरूर द्या. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणीनुसार मानधन मिळतं, मात्र ध्वनिमुद्रणं इतकी कमी की तो पगार नव्हे. श्रेणीचा उपयोग नाव लावायला जास्त. हे सगळं शास्त्रीय-सुगम क्षेत्राचं झालं. नाटक, ऑर्केस्ट्रा किंवा स्टुडिओत वाजवत असाल तर हिशेब वेगळा, तिथे ढोलकी आणि ऑक्टोपॅडही (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) हाताशी असलेल्याला आधी बोलावतात. नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.