नाल्याच्या पाण्यात शिसं-कॅडमियम सापडलं नाही, मग काठावरचा पालक खाल्ला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत सोसायटीमागच्या नाल्याचं पाणी लॅबमध्ये दिलं, शिसं आणि कॅडमियम दोन्ही 'बीडीएल' आलं, आणि काठावर एक जण पालक पिकवून स्वस्तात विकतो. तो घ्यावा का?

माझं उत्तर, घेऊ नका. रिपोर्ट खरा असेलही, पण त्यावरून पालकाचं काहीच कळत नाही.

मी रबाळ्याकडच्या एका लॅबमध्ये आठ वर्षं सॅम्पलिंगला होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले बरेच नाले गमबूट घालून तुडवलेत. 'बीडीएल' म्हणजे मशीनला दिसेल इतकं नाही, एवढंच. मशीनला किती दिसतं तो आकडा रिपोर्टवर शोधा, नसेल तर लॅबला विचारा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१. लॅबला कॅडमियम ०.०१ च्या खाली दिसतच नसेल, तर मानकाच्या तिप्पट असलं तरी रिपोर्टवर बीडीएलच छापून येणार. आणि पाणी नेलं कशात? घरातल्या रिकाम्या बाटलीत नेलं असेल तर बोलायलाच नको. धातूंच्या सॅम्पलमध्ये नायट्रिक ॲसिड टाकतात, नाहीतर शिसं बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं.

हे सगळं नीट केलं असतं तरी पाणी फार काही बोललं नसतं. धातू चिकणमातीच्या बारीक कणांना, कुजक्या पाल्याला, गंजाला धरून तळाशी बसतात. शिसं तर पाण्यापेक्षा गाळात हजारो पट असतं. रात्री कोणी टँकर रिकामा केला तर सकाळपर्यंत ते पाणी खाडीला मिळालेलं असतं. गाळ मात्र जागेवर असतो.

कोपरखैरण्याच्या बाजूला एकदा ओहोटीला गाळ काढत होतो. प्लास्टिकच्या चमच्याने, कारण स्टीलमधून क्रोमियम-निकेल यायची भीती. वर नखाएवढा तपकिरी थर, खाली डांबरासारखा काळा गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. त्या वासाने जेवण जात नाही, पण हवा न लागलेल्या त्या काळ्या गाळात धातू गंधकाशी जोडले जाऊन, म्हणजे सल्फाइड होऊन, बऱ्यापैकी अडकून पडलेले असतात. तोच गाळ उपसून काठावर टाकला की हवा लागते, सल्फाइड मोडतं आणि अडकलेलं सुटायला लागतं. पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत नेमकं हेच होतं. आणि पालकाचे वाफे कुठे असतात? त्याच काठावर. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती काळी, कसदार माती.

पालेभाजीत शिसं बरंचसं धुळीच्या रूपात पानावर बसतं किंवा मुळाशीच अडतं, धुऊन थोडं तरी कमी होतं. कॅडमियमचं तसं नाही. ते मुळातून थेट पानात चढतं, धुऊन किंवा शिजवून जात नाही, आणि पोटात गेलं की मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीचं कॅडमियम भातातून लोकांच्या अंगात गेलं आणि हाडं ठिसूळ झाली. त्या आजाराचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय'. आपल्याकडे तसं झालंय असं मी म्हणत नाही, वाट तीच आहे एवढंच.

खरंच तपासायचं असेल तर गाळ द्या, जमलं तर पालकही. पावसाळ्यापूर्वी, ओहोटीला, वरचा पाच सेंटिमीटर. आणि एक सॅम्पल एमआयडीसीच्या वरच्या अंगाला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी घ्या. हे लोक विसरतात. आपला डोंगर बसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, त्यात मुळातच तांबं किलोला शंभर मिलिग्रॅमच्या वर असू शकतं, क्रोमियम-निकेलही असतं. नुसता खालचा आकडा बघून सोसायटीच्या ग्रुपवर बोंब मारली तर कोणीतरी 'हे तर दगडातलंच' म्हणून तुम्हाला गप्प करेल. बसाल्टमध्ये शिसं आणि कॅडमियम मात्र अगदी थोडं. डोंगराच्या पायथ्याशी कमी आणि खाली तुमच्या नाल्यात जास्त निघालं, तर ते दगडातून आलेलं नाही. पाऱ्यासाठी सॅम्पल वेगळं ठेवायला सांगा, ओव्हनमध्ये वाळवलं तर तो उडून जातो.

आकडे आले की इथे टाका, दोन्ही ठिकाणचे. बघून सांगतो.