इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला हिंदीतला शब्दक्रम कसा समजवावा?
तुमची अमेरिकेत वाढलेली भाची ‘मैं खाती हूँ सेब’ म्हणते, कारण इंग्रजीत क्रियापद कर्त्यानंतर लगेच येतं. हिंदीत ते मराठीसारखंच शेवटी: ‘मैं सेब खाती हूँ’. आधी एवढंच पक्कं करून घ्या: कर्ता, कर्म, क्रियापद, आणि ‘हूँ-है-था’ अगदी टोकाला.

खरी अडचण पुढे आहे. इंग्रजीत ‘इन’, ‘ऑन’ नामाच्या आधी येतात, हिंदीत ‘में’, ‘पर’ नामानंतर: ‘मेज़ पर’. प्रश्नाचा शब्दही वाक्याच्या सुरुवातीला न्यायची गरज नाही. ‘तुम कहाँ रहते हो?’ यात ‘कहाँ’ क्रियापदाच्या आधीच बसतो. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात मात्र ‘क्या’ सहसा सुरुवातीला येतो: ‘क्या तुम आओगे?’

शिकवताना तुम्ही स्वतः एक गोष्ट नक्की सांभाळा. आपण ‘मी जात नाही’ म्हणतो. हिंदीत ‘नहीं’ सहसा क्रियापदाच्या आधी येतो: ‘मैं नहीं जाती’. मराठीची सवय नकळत तिच्या तोंडी बसायला नको.

शब्दांची जागा बदलता येते. ‘सेब मैंने खाया’ म्हटलं की ‘मैंने’वर जोर येतो. पण ते साधी वाक्यं सहज यायला लागल्यावर शिकवा.