बुरशी वेगळी करताना ठिपक्याची कड घ्या
वनस्पतिरोगशास्त्रात नव्याने आला असाल तर आधी या कामावर हात बसवा. पानावरच्या रोगट ठिपक्याच्या मधला तुकडा नको. तिथल्या मेलेल्या पेशींवर मृतोपजीवी बुरशी बसलेली असते आणि बुरशी वाढवायच्या पोषक माध्यमाच्या प्लेटमध्ये तीच भराभर पसरते. कडेचा, अर्धा हिरवा अर्धा तपकिरी, ३ ते ५ मिलिमीटरचा तुकडा कापा. वरचे जंतू मारायला १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १ मिनिट बुडवा (कोवळ्या पानाला ३० सेकंद पुरे, नाहीतर आतला रोगकारकही मरतो), निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. टिपकागदावर नीट कोरडा करा, मगच प्लेटमध्ये ठेवा. ओला राहिला की जिवाणू माजतात. भुरी, तांबेरा या रोगांच्या बुरशींसाठी मात्र हा खटाटोप नको, त्यांना जिवंत रोपच लागतं.

वाढलेली बुरशी निरोगी रोपावर सोडून तीच लक्षणं आली आणि तीच बुरशी परत मिळाली, तरच अहवालात नाव लिहा.