दाढेची जखम आणि सोमवारची शाळा

‘मावशी, मी मूळची मुलुंडची, वय ३१. शारजातल्या एका भारतीय शाळेत चौथीला गणित आणि विज्ञान शिकवते. नोकरीचे हे दुसरे वर्ष. सुट्टीत घरी आले असताना खालची उजवी अक्कलदाढ असह्य दुखू लागली. ती हाडात आडवी अडकली होती, म्हणून गेल्या गुरुवारी हिरडी कापून, थोडे हाड कोरून ती काढावी लागली. आज मंगळवार. सूज उतरते आहे, पण तोंड जेमतेम दीड बोट उघडते आणि खालच्या ओठाचा उजवा भाग बधिर आहे. परवा गुरुवारी टाके काढायचे आहेत, शनिवारी विमान आहे, सोमवारी शिक्षकांना हजर व्हायचे आहे आणि मुले त्याच्या पुढच्या सोमवारी येतील. आई म्हणते, गणपती करूनच जा. बाबा म्हणतात, दाढच तर काढली आहे. शाळेकडे रजा मागायची मला भीती वाटते, कारण गेल्या वर्षी एका सहकारी बाईंनी आजारपणाची रजा घेतली तेव्हा स्टाफरूममध्ये काय बोलले गेले ते मी ऐकले आहे. मी उगाच नाजूकपणा करते आहे का?’

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही, तू नाजूकपणा करत नाहीस. अक्कलदाढ हा शब्द कानावर पडला की घरातल्या माणसांना हसू येते, आणि त्या हसण्यात हे विसरले जाते की हिरडी कापणे, हाड कोरणे आणि टाके घालणे याला शस्त्रक्रिया म्हणतात. मनगटाचे हाड असेच कोरावे लागले असते, तर बाबांनी तुला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नसता. जखम तोंडाच्या आत आहे, बाहेरून दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आणि शिक्षिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्या अवयवावर शस्त्रक्रिया झाली, त्याच अवयवावर तिचे दिवसाचे पाच-सहा तास काम चालते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दादरच्या एका शाळेत मी बावीस वर्षे शिकवले. माझी अशीच खालची दाढ शुक्रवारी काढली आणि सोमवारी मी वर्गात उभी राहिले. पहिले तीन तास निभावले. चौथ्या तासाला सहावीच्या वर्गात शुद्धलेखन होते. एकेक वाक्य दोनदा, स्पष्ट उच्चारून, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात सांगायचे होते. तिसऱ्या वाक्याला जबड्यातून कानापर्यंत अशी कळ गेली की मी फळ्याचा कठडा धरून उभी राहिले. मुलांना वाटले बाई रागावल्या आहेत, म्हणून वर्ग एकदम चिडीचूप झाला. त्या शांततेत मी उरलेली वाक्ये जवळजवळ पुटपुटत सांगितली. संध्याकाळी दंतवैद्यांनी तपासले तेव्हा दाढेच्या खळीत जो रक्ताचा गोळा हाडावर झाकण म्हणून राहायला हवा, तोच निघून गेलेला होता. याला ड्राय सॉकेट म्हणतात. त्यांनी खळी धुऊन लवंगेच्या तेलाचा औषधी बोळा बसवला, तेव्हा अर्ध्या तासात जीव थाऱ्यावर आला. शिकवल्यामुळेच तो गोळा निघाला असे मी म्हणणार नाही, पण घरी असते तर कळ सुरू होताच डॉक्टरांकडे गेले असते, शाळा सुटायची वाट पाहत बसले नसते. आणि रजा मला कोणी नाकारली नव्हती. मी ती मागितलीच नव्हती.

आता तुझ्या दिवसांचा हिशेब मांडू. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरू लागते. तुझी उतरते आहे, हे चांगले. ड्राय सॉकेटचे दुखणे बहुधा पहिल्या पाच दिवसांत सुरू होते. आज तुझा पाचवा दिवस आहे आणि पत्रात तशी कळ असल्याचा उल्लेख नाही, त्यामुळे तो टप्पा तू जवळजवळ ओलांडला आहेस. तरीही आठवडाभर स्ट्रॉने काही पिऊ नकोस आणि चूळ जोराने थुंकू नकोस. कोमट मिठाचे पाणी तोंडात नुसते फिरव आणि मान खाली करून सोडून दे. उतरलेली सूज पुन्हा वाढू लागली, ताप आला, पू दिसला, आज दीड बोट उघडणारे तोंड उद्या एक बोट झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर विमानाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. श्वास घ्यायला अडचण वाटली तर मात्र दवाखाना उघडायची वाट न बघता थेट रुग्णालयात जायचे.

तुझ्यापुढचा खरा प्रश्न आखडलेल्या जबड्याचा आहे. निरोगी माणसाच्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात. दीड बोटावर शिकवता येत नाही असे नाही, पण ओठ पुरते न उघडता मोठ्याने बोलायचे म्हणजे सगळा ताण जबड्याच्या स्नायूंवर आणि घशावर येतो, आणि दुसऱ्या दिवशी जबडा आणखी आखडतो. म्हणून तुला एक घरगुती परीक्षा सुचवते. शुक्रवारी सकाळी चौथीचे विज्ञानाचे पुस्तक घे, आईला स्वयंपाकघरात काम करू दे आणि तू बाहेरच्या खोलीतून तिला ऐकू जाईल अशा आवाजात चाळीस मिनिटे, म्हणजे एक तासिका, वाचून दाखव. मग अर्धा तास थांब आणि पुन्हा वाच. दुसऱ्या वाचनानंतर जबडा कसा वाटतो, हेच तुझे उत्तर. ‘आता बरे वाटते’ हे घरात पंख्याखाली बसून मऊ भात आणि मेतकूट खाताना वाटणे वेगळे आणि तीसहून जास्त मुलांसमोर वाटणे वेगळे.

ओठाच्या बधिरपणाबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, पण मला वाटते मनातून तू त्यालाच जास्त घाबरली आहेस. ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते आणि अक्कलदाढेची मुळे तिच्या अगदी शेजारी असतात, त्यामुळे दाढ काढताना ती दुखावली जाऊ शकते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. थोड्यांची पूर्ण येत नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण हे गुरुवारी डॉक्टरांना आठवणीने सांगायलाच हवे. आज रात्री आरशासमोर बस, कापसाच्या बोळ्याने ओठाला आणि हनुवटीला हलका स्पर्श करत जा आणि कुठून कुठपर्यंत कळत नाही ते तारीख घालून वहीत लिहून ठेव. दर तीन-चार दिवसांनी पुन्हा लिही. सुधारणा इतकी सावकाश होते की वही नसेल तर ती तुझ्या लक्षातही येणार नाही. तोपर्यंत चहा कोमट पी आणि जेवताना ओठ चावला जात नाही ना, याकडे लक्ष दे.

माझे मत विचारशील तर शनिवारचे विमान घेऊ नकोस, पण गणपतीपर्यंतही थांबू नकोस. शिक्षकांच्या तयारीच्या आठवड्यातले सोमवार ते बुधवार हे तीन दिवस रजा माग आणि बुधवारी रात्री शारजात पोहोच. गुरुवारी वर्ग लावून घे, शुक्रवार ते रविवार या शारजातल्या सुट्टीच्या तीन दिवसांत जबड्याला विश्रांती दे आणि मुले येतील त्या सोमवारी वर्गात उभी राहा. तेव्हा शस्त्रक्रियेला अठरा दिवस झालेले असतील आणि टाके काढल्यानंतर, ज्यांनी दाढ काढली त्यांनाच एकदा पुन्हा दाखवायला तुला चार-पाच दिवस जास्तीचे मिळतील. मुंबईत लोकल पकडून आपल्या डॉक्टरांकडे जाता येते. शारजात नवा दंतवैद्य शोधावा लागेल, त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागेल, आणि दातांचा खर्च तुझ्या विम्यात बसतो का हेही बघावे लागेल. तिकिटाची तारीख बदलायला पैसे पडतील. पडू देत.

रजेच्या भीतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथेच तू अडली आहेस. संयुक्त अरब अमिरातीत खासगी क्षेत्राला लागू असलेल्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार प्रोबेशन संपलेल्या कर्मचाऱ्याला वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळू शकते. त्यातले पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३० दिवस अर्ध्या पगारी आणि उरलेले बिनपगारी असतात. आजारपण तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवायचे असते आणि वैद्यकीय दाखला द्यायचा असतो. तू दुसऱ्या वर्षात आहेस आणि तीन दिवस मागते आहेस. ही भीक नव्हे. मात्र भारतातला दाखला त्यांना कोणत्या स्वरूपात हवा, साक्षांकित करून लागेल का, हे शाळेच्या एचआर विभागाला आजच ई-मेलने विचार. निरोप तोंडी किंवा मैत्रिणीकरवी देऊ नकोस. चार वाक्ये पुरेत: अमुक तारखेला जबड्याची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी अमुक तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे, मी अमुक दिवशी हजर होईन, पहिल्या आठवड्याचे पाठ-नियोजन सोबत जोडले आहे. यातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण ते वाचल्यावर बाई काम टाळत नाहीत, हे तू न सांगताच समोरच्याला कळते. क्षमा मागू नकोस, आणि ‘किरकोळ’ हा शब्द तर अजिबात लिहू नकोस. स्टाफरूममध्ये जे बोलायचे ते लोक बोलतील. त्या बाईंविषयी बोलले गेले तेव्हा तू गप्प राहिली असशील, तर परतल्यावर त्यांच्याशेजारी बसून चहा घे.

औषधांच्या बाबतीत मात्र काळजी घ्यायलाच हवी, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. दातांच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडे कधीकधी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके लिहून दिली जातात. अमिरातीत ती नियंत्रित औषधे आहेत आणि तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी न घेता ती बरोबर नेणे अंगाशी येऊ शकते. गोळ्यांच्या पाकिटामागचे घटक आजच वाच. यांपैकी काही असेल तर गुरुवारी डॉक्टरांकडून पर्याय लिहून घे. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत बहुतेकांचे साध्या पॅरासिटामॉलवर भागते. औषधे मूळ पाकिटातच ठेव. हातातल्या बॅगेत प्रिस्क्रिप्शन, जबड्याचा एक्स-रे आणि काय केले, कोणते टाके घातले, बधिरपणा कधीपासून आहे हे लिहिलेले डॉक्टरांचे एक पत्र असू दे.

विमानाची धास्ती घेऊ नकोस. केबिनमधल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही थोडा विरळ असतो. वरची दाढ काढली असेल आणि सायनसपर्यंत भोक पडले असेल तर हा दाब त्रासदायक ठरतो. तुझी दाढ खालची आहे. तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात घोट घोट पाणी पीत राहिलीस की झाले.

आता आईविषयी. ‘गणपती करून जा’ या वाक्यात तिने तुझी जखम आणि स्वतःची हुरहूर एकत्र बांधली आहे, आणि म्हणूनच तुला तिला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणताही येत नाही. या दोन गोष्टी तूच सोडवून वेगळ्या कर. गुरुवारी तिला दवाखान्यात बरोबर ने. जखम भरते आहे की नाही हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, म्हणजे तिच्या अर्ध्या काळजीला उत्तर मिळेल. उरलेल्या अर्ध्या काळजीला डॉक्टरांकडे औषध नाही. त्यासाठी जायच्या आदल्या संध्याकाळी तिच्याबरोबर माळ्यावरचे मखर उतरव, पुसून ठेव, आणि आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल करायची वेळ ठरवून कालनिर्णयवर तिच्याच हाताने लिहून घे. तुझी सूज बघून ती पाच रात्री नीट झोपली नसेल, हे लक्षात ठेवून बोल. आणि बाबांना ते शुक्रवारचे चाळीस मिनिटांचे वाचन समोर बसून ऐकायला सांग.

मुले आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात बोलणे कमी आणि लिहिणे जास्त, असे तास आख. कमरेला लावायचा छोटा माइक मिळतो, तो घे. धडा मुलांकडून वाचून घे. सुट्टीनंतर त्यांनाही बोलायचे असतेच. डब्यात चिवडा, तीळ, शेंगदाणे असे खळीत अडकणारे काही नको, आणि खाल्ल्यावर पाण्याने हलकी चूळ भर.

गुरुवारी टाके निघाले की डॉक्टर ओठाविषयी काय म्हणाले, ते मला दोन ओळींत कळव. मी वाट बघते आहे.

तुझी,
मावशी